ग्रोझदाचा पाण्यातला भाऊ

ग्रोझदा दोर वळायची. मोरावा नदीच्या दोन्ही काठांना, दिवसभर चालून जाल तेवढ्या मुलखात, विहिरीला, नावेला, बैलाच्या मानेला दोर असायचा तो तिच्या हातचा. अंगानं काटकुळी, आवाज घोगरा, बोलायला लागली की समोरच्याची सालटी काढायची. तळहात तागानं इतके घासले होते की चुलीवरचं भांडं फडक्याशिवाय उचलायची. तिला जाऊन आता नऊ वर्षं झाली. मठांमध्ये साधू बसून राजांची चरित्रं लिहितात, कोणत्या राजानं कुठं देऊळ बांधलं, कोणाशी तह केला, कोणत्या ग्रंथावर हात ठेवला. त्यांना शाई फुकट मिळते, लिहू देत. ग्रोझदाचं लिहायला मठातून कोणी येणार नाही, म्हणून मी लिहितो.

तुर्कांनी आमचं राज्य गिळलं त्या उन्हाळ्यात त्यांचे घोडेस्वार आमच्या व्रबिन गावावरून गेले. ग्रोझदाचा नवरा गोठ्याच्या दारात मेला. नऊ वर्षांची मुलगी कालिना घोड्यावर टाकून नेली. त्याच दिवशी शेजारच्या स्तोयाचा मुलगा वुक्शाही नेला. स्तोया आधीच विधवा, गावचा म्होरक्या ओब्राद हा तिचा दीर. दोन्ही घरांमध्ये कुडाचं एक कुंपण. त्यानंतर या दोघी एकमेकींच्या आधारानं जगल्या. स्तोया दोराचं चाक फिरवायची आणि ग्रोझदा कमरेला ताग बांधून, पीळ सोडत, उलट्या पावलांनी अंगणभर मागं मागं जायची. दिवसभरात दोघी चार शब्द बोलायच्या नाहीत. रडायच्या मात्र एकाच वेळी. एकीनं डोळे पुसले की दुसरी म्हणायची, "झालं? फिरवू चाक?"

चार वर्षांनी लोकर घेऊन फिरणारा एक व्यापारी सांगून गेला की तुर्कांच्या फिलिबे शहरात लोकर दाबून नमदे करणाऱ्याच्या घरी त्यानं एक मुलगी पाहिली, डाव्या मनगटावर घेवड्याएवढा भाजल्याचा डाग. तो डाग डांबराचा होता. नावेचा दोर डांबरात बुडवताना कालिनाच्या हातावर थेंब उडाला होता, तेव्हा ती पाच वर्षांची. व्यापारी सांगून गेला त्या दिवसापासून ग्रोझदाला झोप नाही. पोर जिवंत आहे, कुठं आहे तेही माहीत आहे, आणि मध्ये डोंगर आणि तुर्कांच्या चौक्या. वुक्शाचा मात्र पत्ता नाही.

त्याच हिवाळ्यात हंगेरीचा राजा आणि त्याच्या आश्रयाला गेलेला आमचा राजा मिळून तुर्कांच्या मुलखात शिरले. जिंकत गेले, आणि थंडीनं मार खाऊन परत आले. परतणाऱ्या सैन्याच्या मागं कैद्यांची माळ होती. एका गाडीवानाचे दोर तुटले होते आणि त्याचा एक कैदी बर्फानं पाय सुजून पडला होता. ग्रोझदानं गाडीवानाला दोराची दोन वेटोळी दिली आणि कैदी घरी आणला. हेतू सरळ होता. आमच्या सरहद्दीवर माणसाच्या बदल्यात माणूस मिळतं. हाताशी तुर्क असला की तुर्काकडचं आपलं माणूस मागता येतं. गावानं तिची पाठ थोपटली. मीही थोपटली.

कैद्याचं नाव सारूजा. चाळिशीचा, टक्कल, मिशा मात्र भरघोस. हा लढवय्या नव्हताच, फौजेबरोबर रोट्या भाजणारा भटारी होता. आणि नशीब बघा, फिलिबेचाच. ग्रोझदानं त्याच्या पायात लाकडी खोडा अडकवला, पायांना लावायला डुकराची चरबी दिली, ती त्यानं नाकारली तेव्हा शिव्या देऊन मेंढीची दिली. बरा झाल्यावर तो चुलीशी बसून रोट्या भाजायला लागला. ग्रोझदाची बाजरीची लापशी त्याला गिळवत नव्हती. आमची भाषा त्याला मोडकीतोडकी यायची. तो म्हणायचा, बाई, तुझ्या हातात दोर चांगला, पीठ नको देऊ. ती म्हणायची, कैद्याला तोंड फार.

आता मार्चमधली गोष्ट. बर्फ वितळून मोरावा फुगली होती. आमच्या गावाचा तराफा एका काठाहून दुसऱ्या काठाला ताणलेल्या जाड दोराला धरून चालतो. तो दोर झिजला होता आणि नवा लावायला ग्रोझदा स्वतः तराफ्यावर गेली, कारण गाठ दुसऱ्या कुणाच्या हातची तिला पटत नसे. काठावर सारूजा वेटोळं सोडायला. वरून एक ओंडका वाहत आला, तराफ्याला लागला, आणि ग्रोझदा पाण्यात. आम्ही चारपाच जण वरच्या वळणावर होतो, धावलो तरी पोचणार नव्हतो. तिनं एकदा डोकं वर काढलं आणि ओरडली, "देवाच्या नावानं भाऊ हो माझा!"

आमच्याकडं जिवावर बेतलं की हेच ओरडतात. आईच्या दुधाबरोबर शिकलेली हाक आहे, विचार करून कोणी मारत नाही. समोर जो असेल त्याला. त्यानं हात दिला की तो भाऊ, पाठच्या भावासारखा, मरेपर्यंत. त्याच्या घरात आपली सोयरीक होत नाही. त्याला विकता येत नाही, बांधून ठेवता येत नाही, कशाच्या बदल्यात देता येत नाही.

सारूजाला ही रीत ठाऊक नव्हती. त्यानं वेटोळं फेकलं, दोराचं टोक दंडाला गुंडाळलं, आणि पायातला खोडा काठच्या वाळुंजाच्या मुळांत अडकवून मागं रेलला. तो खोडा नसता तर दोघंही गेले असते. आम्ही पोचलो तेव्हा ती काठावर पाणी ओकत होती आणि याच्या दंडाची कातडी सोलून निघाली होती.

श्वास आल्यावर ग्रोझदाला कळलं की आपण काय करून बसलो. ती रडायला लागली. वाचले म्हणून नव्हे. हाताशी असलेला एकुलता एक तुर्क तिनं स्वतःच्या तोंडानं भाऊ करून टाकला होता. मग उठली, कुऱ्हाड आणली आणि खोडा तिथंच फोडला. सारूजाला वाटलं बाई आता पाय तोडते. रीत समजावून सांगितली तेव्हा म्हणाला की घरी चार बहिणी आहेत, चौघी बोलून डोकं उठवतात, पाचवी पाण्यातून यायची राहिली होती.

ओब्राद म्होरक्या त्या संध्याकाळी येऊन अंगणात बसला. म्हणाला, "ग्रोझदे, कैदी बुडवलास आणि भाऊ काढलास. आता भावाच्या पाठवणीला लाडू बांध."

गाव हसलं. स्तोया हसली नाही.

त्या उन्हाळ्यात तह झाला. हंगेरीचा राजा, आमचा राजा आणि सुलतान, तिघांचा. दहा वर्षं कोणी कोणावर शस्त्र धरायचं नाही. एकानं बायबलवर हात ठेवला म्हणे, एकानं कुराणावर. टेकडीवरच्या गडातून तुर्क शिबंदी गाठोडी बांधून निघाली, जाताना गडाच्या किल्ल्या आमच्या राजाच्या माणसाला मोजून दिल्या. डॅन्यूबपलीकडं पळालेले लोक गाड्या भरून परत आले. दहा वर्षं म्हणजे काय ते ज्यांनी पाच वर्षं पीक जळताना पाहिलं त्यांना विचारा. लोकांनी द्राक्षाच्या वेली लावल्या. वेल तीन वर्षं काही देत नाही. तरी लावल्या.

आणि कैद्यांची अदलाबदल सुरू झाली. रोज कोणाचं तरी माणूस उतारावरून चालत यायचं. ओब्राद पुन्हा आला. या वेळी टोमणा नाही, कळवळा होता. म्हणाला, निरोप पाठवू, सारूजाच्या बदल्यात कालिना मागू, रीत काय, देव समजून घेईल. ग्रोझदानं नाही म्हटलं. तिनं सारूजाला सांगितलं, तू मोकळा आहेस, रस्ते उघडलेत, जा. सारूजा म्हणाला की जातो, आणि ऑक्टोबर सरताना, संत दिमित्रीच्या सणाला, तुझी मुलगी घेऊन येतो. ओब्रादनं कपाळावर हात मारला. शपथ तरी घे त्याच्याकडून, म्हणाला. कोणी जामीन तरी राहू दे.

"बहिणीनं भावाकडून जामीन घ्यायचा?" ग्रोझदानं विचारलं. "उद्या तुम्ही वहिनीकडून पावती घ्याल."

तिनं त्याला कमरेला बांधायला नवा पट्टा वळून दिला आणि मनगटावरचा डाग कुठं, केवढा, ते त्याच्याच हातावर कोळशानं काढून दाखवलं. तो गेला. ऑगस्ट होता. त्या रात्रीपासून गावात तिचं नाव 'सुलतानाची मेहुणी' पडलं.

सप्टेंबर सरता सरता डॅन्यूबवरचा एक नावाडी बातमी घेऊन आला. हंगेरीचा राजा फौज घेऊन नदी उतरला, तुर्कांवर चालून गेला. दहा वर्षांचा तह दोन महिने पुरला नाही. आम्हाला आधी खरं वाटेना. नावाडी म्हणाला, रोमहून आलेल्या बड्या पाद्र्यानं राजाला सांगितलं की विधर्म्याला दिलेली शपथ शपथच नव्हे, मी तुला सोडवतो. आमच्या मोडक्या देवळातला म्हातारा पाद्री हे ऐकून देवळाच्या पायरीवर बसला तो बराच वेळ उठला नाही. आमचा राजा त्या लढाईला गेला नाही. काहींनी त्याला भित्रा म्हटलं. म्हणोत. आमच्या वेली त्या वर्षी कोणी उपटल्या नाहीत हे खरं.

पण रस्ते बंद झाले. अदलाबदल थांबली. ज्यांची माणसं आली ती आली, ज्यांची राहिली ती राहिली. स्तोयाच्या वुक्शाचा नुकता कुठं माग लागला होता, एदिर्नेच्या वाटेवर कुठल्याशा तबेल्यात. ओब्रादनं त्याच्यासाठी निरोप धाडला होता. निरोप्या अर्ध्या वाटेतून परत आला.

संत दिमित्रीचा सण आला आणि गेला. ग्रोझदा तराफ्याच्या धक्क्यावर जाऊन बसायची, तिथंच ताग विंचरायची. येणारेजाणारे बोलायचे. कोणी म्हणायचं, काय ग्रोझदे, भाऊबंद कुठं अडकले? राजे शपथ मोडतात, तुझ्या भटाऱ्यानं तर घेतलीसुद्धा नव्हती. ती म्हणायची, त्यानं घेतली नाही म्हणूनच मोडायची भीती नाही. तोंड चालू होतं, पण हात थांबायचे. मी पाहिलंय. नोव्हेंबरात कळलं की समुद्राकाठी मोठी लढाई झाली आणि हंगेरीच्या राजाचं डोकं तिथंच राहिलं. त्या दिवशी ग्रोझदा धक्क्यावर आली नाही. दुसऱ्या दिवशी आली.

संत निकोलाच्या सणाला तीन दिवस होते. दुपारची वेळ, पाऊस आणि बर्फ मिसळून पडत होतं. पलीकडच्या काठावर दोन माणसं उभी राहिली. एक पुरुष, एक मुलगी.

तराफा ओब्रादच्या माणसांच्या हाती होता. त्यांनी दोघांना अलीकडं आणलं, आणि पाय टेकताच सारूजाचे हात मागं धरले. उजवा हात एकानं धरला, डावा मी. हे लपवून ग्रोझदाची गोष्ट सांगायची असेल तर मग मीही मठात जाऊन बसावं.

मुलगी चौदा वर्षांची, डोक्याला तुर्की फडकं. ग्रोझदानं तिचं मनगट उलटं केलं, डाग पाहिला, अंगठ्यानं दाबला. मुलगी आमची भाषा विसरली होती. आईकडं परक्या बाईकडं पाहावं तसं पाहत होती. तिनं वळून सारूजाला हाक मारली. ती हाक आम्हाला सगळ्यांना समजली, कारण पाच वर्षं तुर्कांच्या अमलाखाली राहून तेवढी तुर्की येतेच. 'मामा' म्हणाली ती त्याला.

ओब्राद वाईट माणूस नव्हता. त्याचा आवाजही चढलेला नव्हता. म्हणाला, "तुझी आली, देवाची कृपा. आता तिची कशी येणार?" आणि त्यानं स्तोयाकडं बोट केलं. स्तोया ओल्या शालीत उभी होती. "रस्ते बंद आहेत. तुर्क हाती असल्याशिवाय तुर्क ऐकत नाही. हा एकच आहे. हा दिला तर वुक्शा मागता येतो. तुझं काम झालं, ग्रोझदे. आता बाजूला हो."

मला तेव्हा ते बरोबर वाटलं. आजही पूर्ण चूक वाटत नाही. वुक्शा आणि मी एका ताटात जेवलो होतो.

ग्रोझदा आधी स्तोयाजवळ गेली. तिच्यासमोर चिखलात गुडघे टेकले. म्हणाली, माझं घर घे, चाक घे, जन्मभर तुझ्या दारात ताग कुटते. पण हा देता येत नाही, हा माझा नाही, मी याची आहे. स्तोया तिच्याकडं न बघता नदीकडं बघत राहिली.

कोणीतरी मागून म्हणालं, तुर्काला दिलेला शब्द शब्द नव्हे, खुद्द रोमच्या पाद्र्यानं सांगितलंय. तेव्हा ग्रोझदा उठली. तिचा तो घोगरा आवाज.

"मी कुठं शब्द दिला? मी त्याच्याकडं जीव मागितला होता. शपथ पाद्री सोडवतो म्हणे. हाक कोण सोडवणार? हाक मारली, त्यानं ओढून काढलं. ते मोडायचं असेल तर एकच उपाय आहे. जिथून काढलं तिथं मला परत ठेवा."

आणि ती चालायला लागली. मार्चमध्ये जिथं बुडाली होती, तिथंच, वाळुंजाच्या झाडाखालून. घोट्यापर्यंत, गुडघ्यापर्यंत, कमरेपर्यंत. डिसेंबरची मोरावा म्हणजे काठाला बर्फाच्या काचा. ती थांबली नाही, वळून पाहिलं नाही. पाणी छातीला लागलं तेव्हा ओढ बसून ती एकदा कलली.

सारूजानं हिसडा दिला. मी हात सोडला. मी मोठं काही ठरवलं नव्हतं, हात सुटला एवढंच. उजवीकडच्यानं घट्ट धरलं होतं, आणि ओब्राद ओरडला की नाटकं करते, येईल परत. कालिना काठावर किंचाळत होती, कुठल्या भाषेत ते आठवत नाही.

तेव्हा स्तोया बोलली. मोठ्यानं नाही. "काढा तिला," म्हणाली. "माझा मुलगा असा आणायचा नाही मला."

मग ती वळली आणि घरी गेली. आम्ही ग्रोझदाला ओढून काठावर आणलं तेव्हा स्तोया कुंपणाच्या आत पोचलीसुद्धा होती.

सारूजाला ग्रोझदाच्या घरी चूल पेटवू दिली, रोट्या भाजू दिल्या. तिसऱ्या दिवशी, संत निकोलाच्या सकाळी, तराफ्यानं त्याला पलीकडं सोडलं. दोर ओब्राद स्वतः ओढत होता, तोंड फिरवून. कालिनाची भाषा हळूहळू परत आली तेव्हा तिच्याकडून कळलं की नमदेवाल्यानं तिला सहज सोडलं नव्हतं. सारूजानं आपल्या वाट्याची भट्टी, बापापासून चालत आलेली, त्याला देऊन टाकली होती. उशीर झाला तो त्यासाठी. आम्हाला तो स्वतः काही बोलला नव्हता. नंतर एकदा एका व्यापाऱ्याबरोबर निरोप आला होता, पाचव्या बहिणीचा खोकला कसा आहे म्हणून. खोकला कधी गेला नाही. त्या पाण्यानं तिची छाती कायमची धरली आणि डाव्या पायाची दोन बोटं गेली.

वुक्शा आला नाही. त्याचं काय झालं ते कोणालाच कळलं नाही. सारूजाला दिला असता तर तो आला असता का, हे गावात आजही बोलतात, संध्याकाळी दारू पिऊन, दोन्ही बाजूंनी. मी त्या बोलण्यात बसत नाही.

ग्रोझदा त्यानंतर सतरा वर्षं जगली. तिचा दोर सगळे घ्यायचे, कारण तसा दोर दुसरा नव्हता, पण आमच्याकडं प्रत्येक घराचा एक संत असतो, त्याच्या सणाच्या जेवणाला तिला फार थोडे बोलवायचे. चाक आता कालिना फिरवायची. स्तोया ग्रोझदाशी पुन्हा एक शब्द बोलली नाही. तिच्याकडून दोरही घेतला नाही. मरेपर्यंत ती आपली गाय वाळुंजाच्या ओल्या फांद्या पिळून बांधायची. फांद्या वाळल्या की तुटायच्या, गाय सुटायची, ग्रोझदाच्या कोबीत शिरायची. ग्रोझदा कालिनाला सांगायची, जा, गाय सोडून ये तिच्या गोठ्यात. कालिना एकदा म्हणाली की आई, एक दावं टाकून येते ना गळ्यात, तिला कळणारही नाही. ग्रोझदा म्हणाली, "नको. हाकलून ये नुसती." कालिना गाय हाकलत कुंपणापाशी न्यायची, स्तोया आतून फाटक उघडायची, आणि लावून घ्यायची.